दीड इंच

वहीत अजून आहे त्याचं माप.
पान सदुसष्ट. मन्मथ हलकुडे, छाती बत्तीस, कंबर सव्वीस,
बाही... इथं शाई पसरली आहे.
खाली माझ्या वडिलांच्या अक्षरात : रझाकार. उधार.

सतरा सप्टेंबरचं नाटक होतं शाळेत.
स्वातंत्र्यसैनिक व्हायला चौदा पोरं रांगेत,
रझाकार व्हायला कुणी नाही.
मन्मथनं हात वर केला.
एकच वाक्य होतं त्याला :
वेशीत गाडीवानाला अडवून विचारायचं, "कुठं चाललास?"
त्यानं ते इतक्या हळू विचारलं
की पुढं बसलेली केवळाबाई, जिनं ते दिवस बघितले होते,
पदर तोंडात धरून उठली आणि निघून गेली.
टाळ्या स्वातंत्र्यसैनिकांना मिळाल्या.
हेडमास्तर त्याला म्हणाले,
एवढं खरं करायची गरज नव्हती रे.

तिथनं सुरू झालं म्हणायचं, तर तिथनं.
मग उदगीरच्या दूध भुकटीच्या कारखान्यात तीन वर्षं,
मग बहिणीच्या दिरानं बोलावलं म्हणून कॅनडा.
दिवसा गोदाम, रात्री टॅक्सी,
आणि एका रात्री मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणालं,
शूटिंगला टॅक्सीवाला पाहिजे, येतोस का?

एकोणतीस वर्षं.
टॅक्सीवाला अकरा वेळा.
रात्रभर उघड्या दुकानाचा मालक सहा वेळा,
त्यात चारदा गोळी खाल्ली.
डॉक्टर दोनदा. शवागारातलं प्रेत एकदा,
त्याचे म्हणे पैसे बरे मिळतात, श्वास धरायचे.
कधी पाकिस्तानी, कधी अरब, एकदा तर मेक्सिकन,
उदगीरचा एकदाही नाही.
नाव अगदी शेवटी येतं, मुंगीएवढं, वर सरकत.
नातू बोटानं पडदा थांबवतो तेव्हा कुठं सापडतं,
तेही चुकलेलं : हलकुडेचं हुलकुडी.

फोनवर मी चिडवायचो,
अरे, अजून "कुठं जायचं" हेच विचारलालास का लोकांना?
तो म्हणायचा, तेवढंच येतंय मला.
पण दरवेळी वेगळं विचारतो, ऐकून बघ.
मी ऐकलं. दुकानाचं शटर ओढून,
इंग्रजी न कळता, अकराही वेळा.
खरंच वेगळं होतं.
एकदा तर त्यानं असं विचारलं
की मला सांगावंसं वाटलं.

पण मी शिंपी. मला माणूस आधी खांद्यात दिसतो.
त्याचं तोंड सोडून मी कपडेच बघत गेलो.
तपकिरी जाकीट, बाही आखूड, दुसऱ्याच्या मापाचं.
डॉक्टरचा कोट : छाती चाळीस, पोट सुटलेलं.
बरं वाटलं. खातोय.
दुकानदाराचा स्वेटर, गोळी लागायच्या आधीच
कोपराला विरलेला.

मागच्या महिन्यात नवी मालिका आली.
पुन्हा टॅक्सी. बर्फ. मागं एक बाई रडत बसलेली.
त्यानं काही विचारलंच नाही.
आरशात बघितलं नुसतं.
आणि मान वळवली तेव्हा
कोटाचा खांदा त्याच्यासोबत वळला नाही.
दीड इंच.
नातू म्हणाला, आबा, भारी केलंय ना काम?
मी म्हणलं, मागं घे. अजून मागं घे.
कोट त्यांचा असंल, ढगळ दिला असंल, होतं असंही.
पण कॉलरीत मान अशी, घंटेतल्या लोलकासारखी,
हे कापडाचं काम नाही.

फोन लावला. तिकडं पहाट.
बरा आहे म्हणाला, आणि चांगलं म्हणाला,
काम कच्चं नव्हतंच त्याचं कधी.
मी म्हणलं, माप सांग, सदरा शिवून पाठवतो.
थांबला जरा.
मग म्हणाला, वहीतलं जुनंच धर.
होईल बघ.

पान सदुसष्ट उघडून बसलोय दुपारपासून.
कापड बेतलंय, खडू हातात आहे.
बाहीचा आकडा तेवढा लागंना झालाय.